हिवाळ्यापुरती ठेवायला दिलेली सायकल

सायकल दुरुस्तीवाल्याकडे कोणी लेख मागत नाही. हवा मागतात, पंक्चरचं सामान मागतात, फार तर पाना मागतात आणि परत आणून देत नाहीत. त्यामुळे दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही. निरोप आणणारा म्हणाला, "काहीतरी गमतीचं लिहा, मामा. गिऱ्हाइकांचे किस्से वगैरे." एक किस्सा गमतीचा आहे, तो आधी सांगतो. मग दुसरा सांगतो. त्यात गंमत नाही.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान. आमचं म्हणजे थोरला भाऊ अण्णा आणि मी, सुभाष, अशा दोघांचं. अण्णाकडे काळ्या सायकली, हातगाड्या, टेम्पोची पंक्चरं. माझ्याकडे शर्यतीच्या सायकली. नव्वदच्या दशकात नाशकात अशा सायकली चालवणारी पोरं-पोरी मूठभरच होती आणि त्यांतली बहुतेक माझ्याकडेच यायची. हा माझा मोठेपणा नव्हे. त्या सायकलींना हात लावायला दुसरं कोणी धजत नव्हतं.

गमतीचं गिऱ्हाईक म्हणजे एक बँकेतले साहेब. त्यांच्या मेहुण्यानं कॅनडाहून येताना त्यांना शर्यतीची सायकल आणून दिली होती. दिवाळी झाली आणि साहेब सायकल घेऊन दुकानात आले.

"सुभाष, ही मार्चपर्यंत ठेवून घ्यायची."

"का हो साहेब, बदली झाली?"

"नाही. हिवाळा लागला ना आता."

मेहुण्यानं त्यांना हिवाळ्यात सायकल कशी ठेवावी, हे फोनवरून सविस्तर सांगितलं होतं. बर्फाच्या रस्त्यावर मीठ टाकतात, ते लागून सायकल खराब होते म्हणे. मी म्हटलं, "साहेब, नाशकात मीठ पडतं ते भाजलेल्या दाण्यांवर." पण ते काही ऐकेनात. ठेवून घेतली. दर रविवारी बायकोला घेऊन यायचे, टांगलेली सायकल खालून बघायचे आणि समाधानानं घरी जायचे. मार्चमध्ये, ऊन तापायला लागल्यावर, त्यांनी ती बाहेर काढली आणि दोन आठवड्यांत सायकलिंग झेपत नाही म्हणून सोडून दिलं.

यातली गंमत बाहेरच्या माणसाला कळावी म्हणून सांगतो. आमच्याकडे सायकल ठेवून द्यायचा मोसम पावसाळ्याचा. हिवाळा हा सायकल काढायचा मोसम. थंडी कोरडी, रस्ते कोरडे, वारा बेताचा. शर्यती, निवड चाचण्या सगळ्या दिवाळीनंतर होळीपर्यंत. त्यामुळे शर्यतीची सायकल कुणी हिवाळ्यात ठेवायला आणली, की मी आधी माणसाच्या तोंडाकडे बघायचो. बँकेतले साहेब सोडले तर बाकी सगळ्यांचं काहीतरी बिनसलेलं असायचं. कुणाला कावीळ झालेली, कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाच्या घरी कर्ता माणूस गेलेला.

हिरा भोये आली ती हात गळ्यात बांधून. सत्त्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सायकल एका छोट्या टेम्पोत आडवी घातली होती आणि ती खाली उतरवताना हिरा ड्रायव्हरवर एकसारखी ओरडत होती, "दादा, गिअरच्या बाजूनं नको! दुसऱ्या बाजूनं धर!"

हिरा हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची. नाशकात एका संस्थेच्या वसतिगृहात राहून त्याच संस्थेच्या कॉलेजात शिकत होती. जिल्ह्यातली सायकलची शर्यतही तीच संस्था भरवायची. आदल्या वर्षी हिरानं ती जिंकली. साध्या लोखंडी सायकलवर, तिच्याहून चांगल्या सायकली असलेल्या पोरींना मागे टाकून. बक्षीस म्हणून संस्थेनं तिला स्टेजवर बोलावून परदेशी बनावटीची सायकल दिली. हार घातला, फोटो काढले. त्या सायकलचे गिअर ब्रेकच्या दांडीतच होते. बोटानं टिचकी मारायची, की गिअर बदलला. हँडलवरचा हात काढावा लागत नाही. तेव्हा नाशकात तशा सायकली मी मोजक्याच पाहिल्या होत्या. हिरा त्या सायकलला घोडी म्हणायची.

"काय झालं गं?"

"पिंपळगावहून परत येत होते, मामा. पुढं कांद्याचा ट्रॅक्टर. त्यानं एकदम ब्रेक मारला." तिनं उजव्या खांद्याकडे मान वळवली. "गळपट्टीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात तीन महिने."

"आणि चाचणी?"

"चाचणी फेब्रुवारीच्या शेवटाला आहे. मी येते तोवर." जणू बाजारात जाऊन यायचं होतं, अशा सुरात ती बोलली. "वसतिगृहात ठेवली तर पोरी बसून फिरवतील. तुमच्याकडे ठेवा. आणि मामा, तुमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार."

ती गावी गेली. मी सायकल स्टँडवर चढवली आणि ओव्हरऑइल करायला घेतली. आमच्या भाषेत ओव्हरऑइल म्हणजे सगळं खोलून, धुऊन, नवीन ग्रीस भरून पुन्हा जोडणं. पुढचं चाक बटाट्याच्या कापासारखं वाकलं होतं. त्याच्या सगळ्या तारा सोडून, नवीन रिम घालून, एकेक तार आवळत त्याचा आउट काढला. आउट काढणं म्हणजे चाक फिरवलं तर ते डावीकडे-उजवीकडे जराही डुलता कामा नये. नशिबानं फ्रेम सरळ होती आणि पुढचं चाक धरणारा चिमटाही वाचला होता.

मग ठेवण्याची तयारी. सायकल ठेवणं म्हणजे नुसतं खुंटीला अडकवणं नव्हे. चेन रॉकेलनं धुऊन, पुसून, तेलाचा हलका हात द्यायचा. जास्त तेल दिलं तर द्वारकेची धूळ तिच्यावर बसते आणि काचकागदासारखी गिअरचे दाते घासते. गिअर सगळ्यांत लहान चक्रावर आणून ठेवायचा, म्हणजे आतली स्प्रिंग ताणलेली राहत नाही. या सायकलीचे टायर रिमला चिकटवायचे असतात, ट्यूब त्यांच्या आतच शिवलेली असते. त्यांतली हवा कमी करायची, पण पूर्ण काढायची नाही. चाक जमिनीवर टेकवून ठेवलं तर एकाच जागी टायर चपटा होतो. हवा भरायच्या मोटारीजवळ तर मुळीच ठेवायची नाही. मोटारीतल्या ठिणग्यांनी रबराला चिरा पडतात. ते का, हे मला सांगता येणार नाही. पण टायर वाया गेलेले पाहिलेत.

मी ती मागच्या खोलीत, भिंतीतल्या दोन हुकांना टांगली. बायकोचं जुनं सुती लुगडं तिच्यावर घातलं. प्लास्टिक घातलं तर आत घाम धरतो. आठवड्यातून एकदा लुगडं काढून दोन्ही चाकं फिरवायचो. चाकं इतकी शांत फिरायची, की हात लावून पाहावं लागायचं, फिरताहेत की थांबलीत ते. त्या वर्षी थंडी जबर पडली. पिंपळगावकडून येणारे ड्रायव्हर सांगायचे, द्राक्षांच्या बागांतून रात्रभर शेकोट्या पेटवताहेत. सकाळी पाना हातात धरवत नव्हता. मला त्या थंडीत वाटायचं, अशा हवेत ही पोरगी सायकलवर हवी होती.

संक्रांत झाली आणि संस्थेचे सेक्रेटरी दुकानात आले. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी करून चालत आले. बरोबर ड्रायव्हर होता.

"भोयेची सायकल तुमच्याकडे आहे ना? ती द्या."

"तिनं सांगितलं का साहेब?"

"तिला काय विचारायचं? तिचं हाड मोडलंय. ऐन हंगामात अशी सायकल लुगडं पांघरून ठेवायची म्हणजे पाप आहे. आमची केतकी चाचणीला उतरतेय. जिल्ह्याचं नाव होईल."

केतकी ही संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी. पोरगी वाईट नव्हती आणि चालवायचीही बरी. मी म्हटलं, "साहेब, ती सायकल हिराला बक्षीस मिळालीय. स्टेजवर तुम्हीच दिलीत."

"वापरायला दिली होती. संस्थेची वस्तू संस्थेचीच असते."

"मग हिराला तसं सांगू द्या. ती म्हणाली तर मी स्वतः आणून देतो."

ते अण्णाकडे वळले. अण्णा पुढच्या भागात टेम्पोचं चाक खोलत बसला होता. "तुमचा भाऊ फारच नियमानं चालतो," असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी हरसूलची एसटी धरली. हिराच्या पाड्यावर फोन नव्हता. हरसूलला उतरलो तर बाजार भरला होता. तिथून चालत वर गेलो. हिरा अंगणात डाव्या हातानं पाण्याचा हंडा उचलत होती, खाली ठेवत होती, पुन्हा उचलत होती. मला पाहिल्यावर तिचा चेहरा उतरला.

"सायकलला काय झालं?"

"काही नाही झालं." आणि मी सगळं सांगितलं.

तिचा बाप ओट्यावर बसून ऐकत होता. तो म्हणाला, "साहेबाची जीप परवा हितं बी आली व्हती. मी हिला बोललोच नाय. साहेब लय मोठा मानूस हाय. म्हनला, सायकल दे, पोरीला पुढं नोकरीला चिकटवू. नाय दिली तं तिची वसतिगृहातली जागा जाईल."

"बा, तू काय बोललास त्याला?"

"काय बोलणार? बघतो बोललो."

हिरानं हंडा खाली ठेवला. मग मला म्हणाली, "नका देऊ, मामा. जागा गेली तर जाऊ दे. मी महिन्याभरात येते. डॉक्टरनं हात वर करून दाखवायला सांगितलाय, तो होतोय आता." आणि तिनं उजवा हात वर केला. खांद्याच्या वर गेला. त्याहून वर नेताना तिनं ओठ दाबून धरले, पण नेला.

तिच्या आईनं नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. संध्याकाळच्या एसटीनं परत निघालो. मला बरं वाटत होतं. आता कुणीही आलं तरी सांगायला माझ्याकडे तिचा शब्द होता.

दुकानात आलो तर अण्णा शटर ओढायच्या बेतात होता. मी सरळ मागच्या खोलीत गेलो. लुगडं नीट घडी करून स्टुलावर ठेवलं होतं. हुक मोकळे होते.

"अण्णा, सायकल कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ज्यांची त्यांना. तू गेलास आणि दुपारी साहेब आले."

"मी कशाला गेलो होतो हे तुला सांगून गेलो होतो ना?"

अण्णा हात पुसत होता. आधीच पुसलेले हात तो पुसत होता. "सुभाष, जरा ऐक. संस्थेच्या शाळांतल्या पोरींना सायकली वाटायच्यात. दर वर्षी. जोडायचं काम आपल्याला देतायत. दर वर्षी, समजलं का? तुला शर्यतीच्या पोरांकडून काय मिळतं? शाबासकी. माझ्या दोन पोरी उजवायच्या आहेत."

"तिनं आपल्याकडे ठेवायला दिली होती."

"तुझ्याकडे दिली होती. आणि तिचं हाड मोडलंय!"

"हाड जुळतं, अण्णा."

तो शटर ओढून निघून गेला. अण्णानं मला हा धंदा शिकवला होता. चाकाचा आउट कसा काढायचा, ते माझा हात हातात धरून त्यानं दाखवलं होतं. दुसऱ्या कुणी ती सायकल नेली असती तर मी भांडलो असतो, पोलिसांत गेलो असतो. सख्ख्या भावाविरुद्ध काय तक्रार देणार? त्यानं ती चोरली नव्हती. देऊन टाकली होती.

तरी मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबक रस्त्यावर गेलो. केतकी तिथं सराव करायची. सायकलची सीट तिच्या उंचीला खाली केली होती. मी हात केला तशी ती थांबली. मी सांगितलं, ही सायकल कुणाची आहे. तिनं पाय खाली टेकले. "काका, मला म्हणाले हिराताईनं सोडलं सायकलिंग."

"सोडलेलं नाही. कालच भेटलो तिला."

मागून स्कूटरवर तिचे वडील येत होते. ते पोचले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "केतकी, वेळ चाललाय." तिनं एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पॅडल मारून गेली. अठरा वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करावं? पण राग यायचा तो आलाच.

हिरा म्हटल्याप्रमाणे आली. सरळ मागच्या खोलीत गेली. मी तिच्यामागे गेलो आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं, अण्णाचंही. पुढच्या भागात अण्णा हातोडीनं रिम ठोकत होता, तो ठोकतच राहिला. हिरा रडली नाही. तिनं विचारलं, "तुमची जुनी लोखंडी आहे ना मामा? ती निघेल का?"

ती माझी स्वतःची, मी तरुणपणी चालवलेली. गेल्या काही वर्षांत हात लावला नव्हता. मी ती खोलली. जे-जे बदलण्यासारखं होतं ते बदललं. वजन कमी करायला स्टँड, मडगार्ड, कॅरियर सगळं काढलं. फक्त गिअर नवे बसवता येण्यासारखे नव्हते. त्यांची दांडी जुन्या पद्धतीची, खालच्या नळीवर. गिअर टाकायचा तर उजवा हात हँडलवरून काढून गुडघ्याजवळ न्यावा लागायचा. हिरा रोज पहाटे ती घेऊन जायची आणि परत आली की म्हणायची, "चालते, मामा." एवढंच.

चाचणी आग्रा रोडवर झाली. जिल्ह्यातून दोघी निवडायच्या होत्या. मी शेवटच्या रेषेपाशी उभा होतो. लांबून तीन पोरी येताना दिसल्या. एक येवल्याकडची, ती आधीच पुढे निघाली होती. तिच्यामागे केतकी आणि हिरा, दोघींत दुसऱ्या जागेसाठी चुरस. हिरा पुढे होती. हे मी शपथेवर सांगतो, शेवटच्या वळणापर्यंत हिरा पुढे होती. रेषेआधी बारीक चढ आहे. तिथं दोघींनी गिअर बदलला. केतकीनं बोटानं टिचकी मारली. हिरानं हँडलवरचा हात काढला, खाली नेला आणि परत वर आणताना तो खांदा तिला आडवा आला. सायकल एकदा डुलली. तेवढंच. केतकी चाकभर पुढून गेली.

हिरा रेषेच्या पुढे जाऊन थांबली आणि हँडलवर डोकं ठेवून उभी राहिली. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "मामा, सायकलमध्ये काही खोट नव्हती हां." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. तिकडे सेक्रेटरी केतकीला हार घालत होते.

तिची सायकल असती तर ती निवडली गेली असती का? लोक विचारतात. बहुतेक असती. पण ती हरली असती तरी स्वतःच्या सायकलवर हरली असती, एवढं तरी मिळायला हवं होतं. केतकी पुढे बऱ्याच शर्यतींत उतरली आणि खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरी लागली. हिराला कुणी नोकरीला चिकटवलं नाही. तिच्या बापानं संस्थेच्या ऑफिसात काही खेपा घातल्या आणि मग सोडून दिलं. तिनं कॉलेज पुरं केलं, पण दुकानात पुन्हा आली नाही. चाचणीच्या संध्याकाळी माझी लोखंडी सायकल धुऊन-पुसून दुकानात ठेवून गेली, तीच शेवटची.

अण्णाला ते काम मिळालं. उन्हाळ्यात टेम्पो भरून सुटे भाग यायचे आणि पुढच्या भागात निळ्या सायकलींच्या रांगा लागायच्या. मी एकाही सायकलला हात लावला नाही. वर्षभरानं आम्ही दुकानात मधोमध भिंत घातली. त्याच्या पोरींच्या लग्नांना गेलो, अक्षता टाकल्या, जेवलो. बोलणं मात्र "जेवलास का" आणि "निघतो" एवढंच राहिलं. दोन हजार सालानंतर नाशकात महागड्या सायकली आल्या. डॉक्टर, इंजिनिअर, कारखानदार माझ्याकडे येऊ लागले. पावसाळा आला की मागच्या खोलीत ओळीनं सायकली टांगलेल्या असायच्या. पण हिवाळ्यासाठी म्हणून मी पुन्हा कुणाची सायकल ठेवून घेतली नाही. विचारलं तर जागा नाही म्हणायचो.

मग बऱ्याच वर्षांनी एका जूनमध्ये वहिनी माझ्या दारात आली. अण्णाला अर्धांगाचा झटका आला होता. "भावजी, सायकली उद्या वाटायच्यात. टेम्पो भरून तयार आहे. तिथं कुणी ब्रेक-बिक बघणारं नाही. एवढी खेप जाता का?" वहिनीला नाही म्हणता येईना. कुठं जायचं हे मी विचारलंसुद्धा नाही. टेम्पोत बसल्यावर कळलं, हरसूलकडच्या शाळेत.

शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. स्टेजवर तेच सेक्रेटरी, आता म्हातारे झालेले. निळे स्कर्ट घातलेल्या पोरी रांगेत उभ्या. रांगेच्या तोंडाशी एक बाई प्रत्येक सायकलचा ब्रेक दाबून, चाक उचलून फिरवून बघत होत्या. चाक फिरवायची पद्धत मी लांबूनच ओळखली. हिरा जाड झाली होती, केसांत पांढरं दिसत होतं. त्या शाळेत ती मास्तरीण होती.

तिनं एक सायकल बाजूला काढली. "हिचं चाक आउट आहे. ही पोरीला द्यायची नाही."

सेक्रेटरी वरून म्हणाले, "बाई, फोटो होऊन जाऊ द्या, मग बघू."

"आधी चाक, मग फोटो," हिरा म्हणाली. ती सायकल माझ्यापुढे आणून उभी केली, तेव्हा तिनं मला पाहिलं. ओळखलं. मी खाली बसून तारा आवळायला घेतल्या. फोटोवाला थांबला, पाहुणे थांबले, मंडपातले सगळे मी चाक सरळ करेपर्यंत थांबले.

ती सायकल एका बारक्या चणीच्या पोरीची होती. हिरानं तिचे दोन्ही हात हँडलवर ठेवले आणि मोठ्यानं, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही आता तुझी. कुणी मागितली तर द्यायची नाही. साहेब आले तरी नाही. बापानं सांगितलं तरी नाही. आणि शाळा सुटली म्हणून, आजारी पडलीस म्हणून कुणाच्या दुकानात ठेवायची नाही. दुकानवाला कितीही चांगला असला तरी नाही. घरात ठेवायची, उशाशी. काय सांगितलं?"

"घरात ठेवायची, उशाशी," पोरगी म्हणाली.

मी तिथून हातभर अंतरावर बसलो होतो. हिरानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पोरींना बरोबरच सांगत होती.